वरवंट्याविना पाटा : कोस्टारिकातल्या थडग्यांमधले दगड

पुरातत्त्वाच्या पुस्तकांत एक शब्द आम्हाला फार खटकतो : ‘विधिवस्तू’. वस्तू कशासाठी होती हे कळलं नाही, की तिला विधीत ढकलायचं! आज या सवयीबद्दल बोलू.

१९०३ साली कार्ल हार्टमन या स्वीडिश संशोधकाने कोस्टारिकाच्या निकोया द्वीपकल्पात लास उआकास इथली दफनभूमी खणली. थडगी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. हाडं बहुतेक विरून गेलेली, दगड मात्र शाबूत. त्यांत ज्वालामुखीच्या खडकातून कोरलेले तीन पायांचे पाटे होते, ‘मेताते’. मका दळायचा पाटा हाच, पण इथे पायांवर नक्षी, पाठ कमानदार. काही मेतात्यांना तर पुढे प्राण्याचं डोकंही असतं. आणि गंमत बघा, पाटे बरेच, वरवंटे अगदी मोजके.

इथून वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणतो, वरवंटा नाही तर हा पाटाच नव्हे, हे सरदाराचं आसन. दुसरा म्हणतो, काही पाट्यांवर दळल्याची झीज दिसते, त्याचं काय? दोन्ही पुरावे खरे आहेत. चूक आहे ती ‘हे किंवा ते’ असं विचारण्यात. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याभोवती फिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच चटणी वाटतात. यावरून निकोयाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. प्रश्न तोकडा आहे, एवढंच त्यातून दिसतं. दक्षिणेकडच्या तालामांकाचे ब्रिब्री लोक आजही सांगतात, की सिबू देवाने माणसं मक्याच्या दाण्यांतून घडवली. ती कथा इतक्या मागे नेता येईलच असं नाही. पण मका जिथे माणसाचं मूळ मानला जातो, तिथे पाटा ‘नुसतं स्वयंपाकाचं साधन’ कसा राहील?

आता जेडकडे या. कोस्टारिकातली जेडची लटकनं म्हणजे गुळगुळीत कुऱ्हाडीचं पातं, वरच्या अर्ध्यात पक्षी किंवा माणूस कोरलेला, आणि दोरा ओवायला आडवं भोक. पुष्कळदा एकच पातं उभं चिरून त्याची दोन लटकनं केलेली. म्हणजे लाकूड न तोडणारी कुऱ्हाड! तरी पात्याचा आकार त्यांनी सोडला नाही. कामाची आठवण ठेवली, काम काढून घेतलं. मेतात्याबद्दल आम्हाला हेच म्हणायचं आहे.

याहून बोलका पुरावा म्हणजे इथे सापडलेले माया लिपीतले जेड. माया राजांच्या कंबरपट्ट्यांवरची ही पाती उत्तरेकडून आली, आणि इथल्या कारागिरांनी काही सरळ अक्षरांमधून उभी चिरली. तिकडे अर्थ लेखात होता. इथे तो दगडात आणि आकारात होता. विधीचा अर्थ वस्तूबरोबर प्रवास करतो, असं गृहीत धरणाऱ्यांनी हे तुकडे एकदा हातात घ्यावेत.

आणि एक तक्रार. यातलं बहुतेक जेड हार्टमनसारख्यांनी खणलेलं नाही. ‘वाकेरो’ म्हणजे थडगी फोडणाऱ्यांनी काढून विकलेलं आहे. संग्रहालयाच्या पाटीवर ‘विधिवस्तू’ असतं. ती छातीवर होती की पायाशी, शेजारी मातीचं भांडं होतं की पाटा, याचा तिथे उल्लेख नसतो.