‘मुलीसारखी’

जुन्या हिंदी चित्रपटांवर माझे प्रेम आहे, हे आधीच कबूल करते. नूतनचा चेहरा, सचिनदेव बर्मन यांचे संगीत, तलत महमूदचा कापरा आवाज यांनी मला लहानपणापासून वेढले आहे. हे प्रेम वारशाने आलेले नाही. आमच्या घरात वारशाने आले ते रोजगार हमीचे कार्ड आणि बाबासाहेबांची तसबीर. पदवी घेतलेली मी घरातली पहिली. सिनेमाचे वेड मात्र आईकडून आले, आणि ते तिला कोठे लागले हे सांगितल्याशिवाय पुढचे लिहिता येणार नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्या गावात एकच टीव्ही होता. तो ज्यांच्या वाड्यात होता त्यांच्या शेतावर आमचे घर कामाला जाई. रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागला की वाड्यातली माणसे ओसरीवर बसत आणि आमची माणसे अंगणात, मातीवर. आईने ‘सुजाता’ तेथे पाहिला. नवी सून होती ती. चित्रपट संपला तेव्हा ओसरीवरच्या बाया डोळे पुसत होत्या. मग चहा झाला. आमच्या माणसांच्या कपबश्या नेहमीप्रमाणे वळचणीतून खाली आल्या आणि पिऊन झाल्यावर विसळून पुन्हा वळचणीत गेल्या. आई हे सांगते ते रागाने नव्हे, पाऊस पडला होता असे सांगावे तसे सांगते.

ज्या डोळ्यांनी सुजातासाठी पाणी काढले त्या डोळ्यांना वळचणीतली कपबशी का दिसली नाही? या प्रश्नाचे सोपे उत्तर ‘ढोंग’ असे आहे. मला ते पटत नाही. त्या बाया खरोखर रडल्या होत्या. म्हणूनच दोष केवळ प्रेक्षकांच्या मनात शोधून भागणार नाही. हे चित्रपट कोणत्या प्रकारचे रडू आणतात हे तपासले पाहिजे.

सुरुवात ‘अछूत कन्या’पासून करावी लागते. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट 1936 सालचा. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन, कथा निरंजन पाल यांची. देविकाराणी रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी कस्तुरी झाली आणि अशोककुमार ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप झाला. कस्तुरीचा बाप दुखिया हा प्रतापच्या बापाला सर्पदंशातून वाचवतो, आपल्या तोंडाने विष ओढून काढतो. तेथून दोन घरांची मैत्री सुरू होते. मुले एकमेकांवर प्रेम करतात, पण लग्ने आपापल्या जातीत होतात. शेवटी फाटकावर मारामारी जुंपते, गाडी येते, ती थांबवायला कस्तुरी रुळावरून धावते आणि गाडीखाली मरते. नंतर तिचे स्मारक होते. जिवंतपणी जिला घरात घेता येत नाही तिला मेल्यावर पुजायला कोणाची हरकत नसते.

या चित्रपटाला संगीत सरस्वतीदेवींचे आहे. त्या मूळच्या खुर्शीद मिनोचर-होमजी. पारशी घरातल्या मुलीने सिनेमात जावे याला समाजाचा विरोध होता, म्हणून नाव बदलावे लागले. अशोककुमारही मूळचे कुमुदलाल गांगुली. आत येण्यासाठी नाव बाहेर ठेवावे लागते, हा अनुभव आपल्यातल्या आडनावे बदलणाऱ्यांना नवा नाही. फरक एवढाच की नाव बदलल्यावर त्यांचे काम भागले. आपल्याला पुढचा प्रश्न विचारला जातो, ‘गाव कोणते?’

आता त्याच वर्षात त्याच शहरात काय चालले होते ते पाहावे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली होती. 1936च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली आणि ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण झाले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेले भाषण बाबासाहेबांनी त्याच वर्षी स्वतः छापून प्रसिद्ध केले. म्हणजे अस्पृश्य माणूस जातीचे धर्मशास्त्रीय मूळ खणून काढत होता, धर्मांतराचा विचार उघडपणे मांडत होता. आणि मालाडच्या स्टुडिओत कोरलेल्या भुवयांची अस्पृश्य कन्या रुळावरून धावत मरणाकडे चालली होती. एका बाजूला बुद्धी होती, दुसऱ्या बाजूला बलिदान. सिनेमाने बलिदान निवडले, कारण बलिदानाला उत्तर द्यावे लागत नाही.

‘सुजाता’ यानंतर तेवीस वर्षांनी आला. 1959 साल, दिग्दर्शक बिमल रॉय, कथा सुबोध घोष यांची. चित्रपट बंगाली घरातला, पण त्यातल्या चार प्रमुख स्त्रिया मराठी आहेत. सुजाता झालेली नूतन, तिला वाढवणारी चारू म्हणजे सुलोचना, घरची खरी मुलगी रमा म्हणजे सोलापूरच्या शशिकला, आणि सोवळे सांभाळणारी म्हातारी म्हणजे ललिता पवार. ललिता पवारांचा जन्म येवल्याचा, हे कळले तेव्हा मी थोडा वेळ हातातले पुस्तक मिटून बसले होते. ज्या गावात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ हे सांगितले गेले त्या गावची मुलगी पडद्यावर विटाळ राखीत होती, आणि तिने ते काम इतके चोख केले आहे की तिचा राग येतो. नटीचे कर्तृत्व म्हणून हे मानले पाहिजे.

‘सुजाता’ हा ‘अछूत कन्या’पेक्षा फार वरच्या दर्जाचा चित्रपट आहे, हे मी निःसंकोचपणे म्हणते. यात खलनायक नाही, खवळलेला जमाव नाही. उपेन बाबू इंजिनिअर, शहाणे, प्रेमळ. त्यांची बायको मायाळू. पटकीने मेलेल्या मजुरांची तान्ही पोर हे जोडपे घरात ठेवते. जात येथे शिवीतून दिसत नाही, मायेतून दिसते. रमा कॉलेजात जाते, सुजाता घर सांभाळते. रमाचा वाढदिवस असतो. आणि कोणी परके माणूस आले की चारू ओळख करून देते: ही आमची मुलगी रमा; आणि ही आम्हाला मुलीसारखी.

या ‘सारखी’ शब्दात बिमल रॉय यांचे सारे मोठेपण आहे. पांढरपेशा घरातली जात इतक्या नेमकेपणाने पकडणारा दुसरा शब्द मला हिंदी पडद्यावर सापडलेला नाही. ‘सारखी’ म्हणजे जवळ, पण नव्हे. ‘सारखी’ म्हणजे आम्ही तुला दिले ते हक्काचे नव्हे, हे विसरू नकोस. त्या शब्दावर नूतनचे डोळे खाली जातात. ती रडत नाही, ओठ जरासे हलतात आणि थांबतात. या चित्रपटासाठी तिला मिळालेला फिल्मफेअर पुरस्कार त्या एका क्षणासाठीही देता आला असता.

गाण्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण चित्रपट पुसट झाला तरी गाणी उरली आहेत. बर्मनदांनी स्वतः गायिलेले नावाड्याचे गाणे नदीच्या पाण्यासारखे येते आणि जाते. गीता दत्तची अंगाई आहे. आशा भोसले यांच्या आवाजात ढगांकडे पाहून गाणारी सुजाता आहे; घरात जिला मोकळे हसता येत नाही ती आभाळाशी मोकळी होते, हे ते गाणे न बोलता सांगते. आणि टेलिफोनवरचे तलतचे गाणे. अधीर गातो, सुजाता रिसीव्हर कानाला लावून ऐकते. हे गाणे मी शेकडो वेळा ऐकले असेल. पण ते पाहताना अलीकडे एक गोष्ट खुपू लागली आहे. बोलण्याचे यंत्र दोघांच्या हातात आहे, आवाज एकाचाच आहे. तो आपले प्रेम सांगतो, तिने ते अश्रूंनी स्वीकारायचे आहे. सवर्णाच्या करुणेचे सारे व्याकरण त्या टेलिफोनच्या तारेत आहे.

येथपर्यंत चित्रपट आपल्याबरोबर चालतो. नंतर तो आपला हात सोडतो. अधीर रमाऐवजी सुजाताला मागतो. चारू संतापते आणि जिन्यावरून पडते. रक्त हवे असते, घरातल्या कोणाचे जुळत नाही, सुजाताचे जुळते. ती देते. चारूला शुद्धीवर आल्यावर कळते की आपल्या अंगात कोणाचे रक्त गेले आहे. मग ती सुजाताला मुलगी म्हणते. ‘सारखी’ गळून पडते, लग्न होते, प्रेक्षक सुखावतात.

रक्ताला जात नसते हे खरेच आहे, आणि 1959 सालच्या प्रेक्षकाला ते सांगणे अनाठायी नव्हते. पण काही वर्षांपूर्वी सुट्टीत मी आईला हा चित्रपट पुन्हा दाखवला. ती शेवटपर्यंत गप्प बसली होती. मग म्हणाली, “अन् तिचं रगत जुळलं नसतं तर गं?”

या प्रश्नाने माझी एम.ए.ची सगळी टिपणे निकालात निघाली. खरेच, जुळले नसते तर? मग चारूच्या लेखी सुजाता ‘सारखी’च राहिली असती. म्हणजे तिचे माणूसपण तिच्या रक्तगटावर अवलंबून होते. दुखियाने विष ओढले, कस्तुरीने जीव दिला, सुजाताने रक्त दिले. पडद्यावरच्या अस्पृश्याला माणूस ठरण्यासाठी प्रत्येक वेळी देहातून काहीतरी काढून द्यावे लागते. सवर्णाला मात्र काहीच द्यावे लागत नाही. त्याने फक्त घ्यायचे आणि घेतल्यावर विरघळायचे. याला हृदयपरिवर्तन म्हणतात. ओसरीवरच्या बाया याच परिवर्तनात सामील झाल्या होत्या. रडून त्यांचा वाटा पुरा झाला; कपबशीला हात लावायला चित्रपटाने त्यांना सांगितलेच नव्हते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त दिसतो. 1959च्या चित्रपटाला आजची मोजपट्टी लावू नये, त्या काळात एवढे दाखवणे हेच धाडस होते, असे म्हटले जाईल. माझे म्हणणे असे की ही मोजपट्टी आजची नाही, तेव्हाचीच आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो माणसांनी कोणाचेही हृदय बदलण्याची वाट न पाहता स्वतःचा धर्म बदलला होता. ‘सुजाता’त रवींद्रनाथांच्या ‘चंडालिके’चा प्रवेश आहे, बुद्धाचा शिष्य आनंद आहे, तीन वर्षांपूर्वीचे नागपूर मात्र नाही. सुजाता मरायला निघते तेव्हा तिला सावरायला गांधींचे वचन येते. तिच्या वस्तीचे, तिच्या जातीचे कोणी तिच्या वाढत्या आयुष्यात येतच नाही. तिला बुद्ध रंगमंचावर भेटतो, तो तिच्या लोकांनी स्वीकारला आहे हे तिला कोणी सांगत नाही. 1958 साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते आणि अण्णा भाऊंची ‘फकिरा’ ‘सुजाता’च्याच साली, 1959 मध्ये, प्रसिद्ध झाली. फकिराही शेवटी मरतो, पण तो कोणाला पटवून देण्यासाठी मरत नाही. मोजपट्टी होती, ज्यांच्या हाती कॅमेरा होता त्यांच्या हाती ती नव्हती, एवढेच.

हा लेख लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. मागे एकदा विद्यार्थ्यांना ‘सुजाता’ दाखवला. सभागृहात हुंदके ऐकू आले. नंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली. डोळे अजून ओले होते त्यांचे. म्हणाले, “या आमच्या मॅडम. फार हुशार. अगदी आपल्यासारख्याच आहेत.”

मी काय केले? मी डोळे खाली घातले आणि हसले. ओठ हलले आणि थांबले. खोलीवर आल्यावर लक्षात आले की ते हसणे माझे नव्हते, नूतनचे होते. इतकी वर्षे मी तो चेहरा नुसता पाहत नव्हते, शिकत होते. सोसण्याचे इतके सुंदर रूप पडद्याने माझ्यापुढे ठेवले होते की ते वापरताना मला अपमान वाटण्याआधी डौल वाटला. चांगल्या कलाकृतीचे हे सामर्थ्य आहे आणि हाच तिचा धोकाही आहे. वाईट चित्रपटाने माझे एवढे नुकसान केले नसते.

मग हे चित्रपट टाकून द्यायचे का? मला ते शक्य नाही, आणि आवश्यकही वाटत नाही. आमच्या वस्तीत जयंतीला गायक मंडळी येत. कितीतरी भीमगीते सिनेमाच्या चालीवर असत. चाल ओळखीची, शब्द आपले. लहानपणी मला ती उसनवारी वाटे, थोडी लाजही वाटे. आता वाटते, सिनेमा कसा पाहावा हे त्या गायकांना माझ्याआधी कळले होते. त्यांनी सूर घेतला आणि गोष्ट परत केली.

पुढच्या वर्षीही मी ‘सुजाता’ दाखवणार आहे. दिवे लागले की हुंदके ओसरण्याची वाट पाहीन आणि आईचा प्रश्न फळ्यावर लिहीन. आणि चहाच्या वेळी कोणी ‘सारख्या’ म्हणालेच, तर या वेळी मान वर ठेवून विचारीन, “सारख्या म्हणजे काय, सर?”