ओढा आणि आठवण : कसबा पेठेच्या स्मरणलेखनासंबंधी

पुण्याच्या जुन्या पेठांविषयीच्या स्मरणलेखनात वाडा, आड आणि उत्सव यांना मानाचे स्थान मिळते; ओढ्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वस्तुतः मूळ कसब्याच्या सीमा पाण्यानेच आखल्या होत्या : उत्तरेस मुठा, पूर्वेस नागझरी, पश्चिमेस आंबील ओढा. पैकी आंबील ओढ्याचा प्रवाह नानासाहेब पेशव्यांच्या काळी पर्वतीकडे वळविला गेला व त्याच्या जुन्या पात्रावर वस्ती झाली. नागझरी पुढे भिंतींत कोंडून नाला झाली. ‘दारूवाला पूल’ म्हणणाऱ्यास खालचे पाणी आठवतेच असे नाही.

स्मरणलेखक आपल्या बालपणीची पेठ मूळची मानून तिच्यासाठी हळहळतो. पण तीही एका लोपलेल्या पात्राशेजारीच वाढलेली होती. हा दोष तपशिलाचा नव्हे, दृष्टीचा होय. पावसाळ्यात कोणत्या बोळात पाणी आधी शिरते, हे मुलास नेमके ठाऊक असते. लेखक प्रौढ झाला की तेवढेच गाळतो आणि हळहळ तेवढी ठेवतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री वळविलेल्या आंबील ओढ्याच्या काठी पुराने माणसे दगावली. अशा विस्मृतीस केवळ वाङ्मयीन उणीव म्हणून सोडून देता येत नाही.