निधनवार्तेचे वाचन: चेन्नईतील मराठी घराण्यांच्या निमित्ताने

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. मराठीतील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. राजकुळाला आपला वृत्तांत दगडावर लिहिता आला. परंतु त्याच राज्याच्या आश्रयाने दक्षिणेत स्थिरावलेल्या कारकून, पंडित, कीर्तनकार अशा शेकडो घराण्यांना ती सोय नव्हती. एकोणिसाव्या शतकात यांतील अनेक घराणी नोकरी आणि शिक्षण यांसाठी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला आली. मैलापूर, तिरुवल्लिकेणी या भागांत राहिली. त्यांचा इतिहास शोधू पाहणाऱ्याला आज जी साधने उपलब्ध आहेत, त्यांत जुन्या वृत्तपत्रांतील निधनवार्तांना महत्त्वाचे स्थान आहे. या वार्ता केवळ माहितीचा साठा म्हणून न पाहता संहिता म्हणून वाचाव्यात, अशी प्रस्तुत लेखकाची भूमिका आहे.

मराठी समीक्षेला मृत्युलेख अपरिचित नाही. आगरकरांच्या निधनानंतर १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’त लिहिलेला लेख आपण निबंधवाङ्मयाचा भाग मानतो; तीव्र मतभेदानंतरही उरलेल्या स्नेहाची साक्ष म्हणून तो वाचतो. निधनवार्तेचा मात्र असा विचार झालेला नाही. मृत्युलेखाला लेखक असतो; निधनवार्ता कुटुंब लिहिते, आणि तेही शोकाच्या घाईत, जागेचा दर मोजून. अमुक पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार मागे आहे, हा तिचा साचा सर्वांच्या ओळखीचा आहे. साचा असल्यामुळेच तिच्यात काय घातले आणि काय गाळले, याला अर्थ प्राप्त होतो.

महाराष्ट्रात कुळाचा शोध सामान्यतः आडनावावरून सुरू होतो. आपल्याकडील कुलवृत्तांतांची सारी मांडणी आडनाव, गोत्र आणि मूळ गाव यांवर उभी आहे. तंजावरी मराठी घराण्यांच्या बाबतीत ही वाट बहुधा पहिल्याच पायरीवर अडते. दक्षिणेत आल्यावर अनेकांचे आडनाव मागे पडले. ‘राव’ हे आदरार्थी उपपदच नावाचा शेवट झाले आणि स्थानिक रीतीप्रमाणे गावाचे व पित्याचे आद्याक्षर नावापुढे लागले. सर टी. माधवराव यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले हे गृहस्थ ४ एप्रिल १८९१ रोजी मद्रासला निवर्तले. त्यांच्या नावातील ‘टी’ हे तंजावरचे इंग्रजी आद्याक्षर आहे. ‘राव’ हा शब्द तर त्या काळी रोमन लिपीत निरनिराळ्या तऱ्हांनी छापला जाई. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते, म्हणून हे घराणे सहज जुळवता येते. सामान्य कारकुनाच्या घराण्यात मात्र दोन आद्याक्षरे, एक ‘राव’ आणि घराचा पत्ता एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. हे सारे एकत्र मिळण्याची शक्यता निधनवार्तेत अधिक.

येथे स्वतःचा एक अनुभव नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. माझ्या आजीची धाकटी बहीण लग्न होऊन मद्रासला गेली. तिच्या तोंडच्या ओव्या आमच्या घरात बरीच वर्षे सांगितल्या जात. तिचे पुढे काय झाले, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. जुन्या इंग्रजी दैनिकाच्या अंकांत शोध घेता घेता १९५८ मधील एक वार्ता हाती आली. पतीचे नाव व हुद्दा, मुलांची नावे व त्यांच्या नोकऱ्या, सारे तीत होते. फक्त मृत व्यक्तीचे स्वतःचे नाव नव्हते. अमुक यांची पत्नी आणि अमुक यांची माता एवढीच तिची ओळख होती. शोध तेथेच संपला असता. पण पुढील वर्षीचे अंक चाळताना त्याच तिथीच्या सुमारास पुण्यस्मरणाच्या चार ओळी सापडल्या. त्या मुलींनी दिल्या होत्या, आणि त्यांत आमच्या घरात तिला ज्या नावाने हाक मारीत, ते नाव छापले होते.

या दोन मजकुरांतील अंतर मला कोणत्याही वंशावळीपेक्षा मोलाचे वाटते. पहिला मजकूर कुटुंबाने समाजाला उद्देशून दिला; त्यात घराची प्रतिष्ठा बोलते. दुसऱ्यात आठवण बोलते. एका वार्तेवर विसंबून कुळाचा इतिहास लिहिणारा संशोधक पहिल्या आवाजालाच इतिहास समजण्याची चूक करील. वर्षश्राद्धाच्या सुमाराचे अंक पाहणे ही म्हणूनच केवळ संशोधनाची युक्ती नव्हे. तो वाचनाचा विवेक आहे.

आणखी एक मौन याहून खोल आहे. १८७८ मध्ये साप्ताहिक म्हणून निघालेले आणि १८८९ पासून दैनिक झालेले ‘द हिंदू’ असो किंवा त्या शहरातील दुसरे इंग्रजी पत्र, त्यांतील वार्ता इंग्रजीत असणार हे उघड आहे. घरात तंजावरी मराठी बोलणारा, बाहेर तमिळ बोलणारा माणूस मृत्यूनंतर इंग्रजीत नोंदला गेला. तो कोणत्या भाषेत रागावत होता, कोणत्या भाषेत नातवंडांना निजवीत होता, याची खूण त्या नोंदीत सहसा उरत नाही. शिवाय वृत्तपत्रात जागा घेणे ज्यांना परवडले, त्यांचीच ही नोंद. आजही चेन्नईच्या भिंतींवर मृतांच्या छायाचित्रांसह ‘कण्णीर अंजली’ची, म्हणजे अश्रूंच्या श्रद्धांजलीची भित्तिपत्रके लागतात, पहिल्या मोठ्या पावसात ती जातात, आणि त्यांचा संग्रह कोणी करीत नाही.

१८९६ मध्ये सुरू झालेल्या एग्मोरच्या कोन्नेमारा ग्रंथालयासारख्या संस्थांमुळे जुना छापील मजकूर टिकून राहू शकतो. पण टिकलेला कागद आपोआप बोलत नाही. तारखा व नाती जुळवणे ही अभ्यासाची सुरुवात आहे; कोणाचे नाव छापले गेले, कोणाचे राहिले आणि ते कोणी पुन्हा आणून ठेवले, हे विचारल्यावाचून तो पुरा होत नाही. माझ्या आजीच्या बहिणीची एकही ओवी मला त्या अंकांत मिळाली नाही. मात्र तिचे नाव मिळाले, आणि ते जपणाऱ्या तिच्या मुली होत्या, हेही कळले. आमच्या घराच्या वंशावळीत त्या मुलींची नोंद तोवर कोणी केलेली नव्हती.