एरिकची काव्यबखर : एक परीक्षण

स्वीडनच्या मध्ययुगीन इतिहासाचीं कथनात्मक साधनें थोडीं आहेत. त्यांत 'एरिकची बखर' ही अग्रगण्य होय. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एका अज्ञात कवीनें रचलेल्या या सुमारें साडेचार हजार यमकबद्ध चरणांत ब्येल्बो घराण्याचा उदय व भाऊबंदकी वर्णिली आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा. हें घराणें पुढें 'फोल्कुंग' म्हणून रूढ झालें. परंतु बखरींत फोल्कुंग म्हणजे बिर्येर यार्ल यानें १२५१ सालीं हेरेवाड्स्ब्रो येथें चिरडलेला बंडखोर पक्ष. विरोधकांचें नांव विजेत्यांच्या वंशास चिकटलें, हें अभ्यासकानें विसरूं नये.

बिर्येर यार्लचा पुत्र माग्नुस यानें १२७५ त आपला भाऊ राजा वाल्देमार यास पदच्युत केलें. पुढच्या पिढींत तोच प्रकार झाला. माग्नुसचे धाकटे पुत्र एरिक व वाल्देमार या ड्यूकांनीं १३०६ त हॉटुना येथें थोरला भाऊ राजा बिर्येर यास पकडून न्यूशॉपिंगच्या किल्ल्यांत कोंडलें. डिसेंबर १३१७ त राजानें त्याच किल्ल्यांत दोघांस मेजवानीस बोलावून बेड्या घातल्या. ते जिवंत बाहेर आले नाहींत.

बखरकार उघडउघड ड्यूकांच्या पक्षाचा आहे. एरिकचा तीन वर्षांचा पुत्र ८ जुलै १३१९ रोजीं राजा निवडला गेला, त्या प्रसंगाशीं कथा संपते. नव्या राजाचा हक्क पवित्र ठरविणें हा तिचा हेतु होय. बिर्येर परागंदा होऊन १३२१ त वारला, व त्याच्या पुत्राचा १३२० त शिरच्छेद झाला. त्या बाजूनें बोलणारा कोणी उरला नाहीं.

तरीहि ग्रंथ त्याज्य नाहीं. हॉटुनाची आठवण करून देणारे शब्द बखरकार राजाच्याच मुखीं घालतो. स्वपक्षाचें पाप अशा रीतीनें नकळत कबूल होतें, आणि आमच्या मतें संपूर्ण बखरींत हाच भाग सर्वांत विश्वसनीय आहे.

कालनिर्णयास मात्र कागदच हवा. ड्यूकांचें मृत्युपत्र १८ जानेवारी १३१८ चें आहे. तें ग्राह्य धरल्यास कैदेनंतर पांच आठवडे ते हयात होते असें ठरतें. परंतु कैद्याच्या नांवचा लेख कोणीं लिहिला व कोणासमोर शिक्का झाला, हेंहि पाहिलें पाहिजे. अस्सल म्हणून कागद चिकित्सेंतून सुटत नाहीं. उलट बखरीची उपलब्ध जुनी प्रत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे जात नाहीं. म्हणजे मूळ रचना व प्रत यांत दीडशे वर्षें आणि कित्येक लेखकांचे हात आहेत.

बखर व अस्सल पत्रें यांचा वाद आपणांस अपरिचित नाहीं. बखरकारानें मीठ कोणाचें खाल्लें हें ओळखून ती वाचावी. तारीख कागदास विचारावी, मनांतील वैर बखरीस विचारावें.