जुन्या जीपची पाठशुद्धी

अमेरिकेत थंडी पडली की घराच्या गॅरेजात जुनी ‘मसल कार’ उघडून बसणारे हौशी लोक आहेत. बाहेर बर्फ, आत दिवा, आणि जॅकवर चढवलेली १९६४ची पाँटियाक जीटीओ, नाहीतर त्याच वर्षी १७ एप्रिलला बाजारात आलेली फोर्ड मस्टँग. जीटीओचं इंजिन ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं, आणि ताकद ३२५ अश्वशक्ती. सरळ रस्त्यावर सुसाट जाण्यासाठीच जन्मलेली गाडी. बुलढाणा जिल्ह्यातल्या रस्त्यांना ती कधी दिसली नाही. त्या काळात परदेशी मोटार देशात आणणंच जवळपास बंद होतं. पण एक अमेरिकन गाडी इथवर आली आणि इथलीच होऊन राहिली. ती म्हणजे विलीजची जीप. मोताळा, मेहकर, सिंदखेडराजा, जळगाव जामोद, कुठल्याही तालुक्यात जुन्या वाड्याच्या किंवा शेतातल्या गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली एखादी अजून निघते. ती उघडायला आपल्याकडेही हिवाळाच बरा.

ही गाडी मला एखाद्या चांगल्या कवितेइतकी वाचनीय वाटते. तिचा पुरेपूर रस घ्यायचा तर ती चालवून भागत नाही, सुटी करावी लागते.

आधी रचना पाहू. १९४०च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी घाईने हवी होती. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने बँटम कंपनीसाठी काही दिवसांतच आराखडे काढले आणि त्या वर्षी २३ सप्टेंबरला पहिला नमुना लष्करापुढे उभा राहिला. विलीज कंपनीने आपला नमुना आणला तेव्हा तिच्याकडे जमेची बाजू एकच होती, बार्नी रूस यांनी सुधारलेलं इंजिन. १३४ घनइंच, २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. पण गाडी जड होती. लष्कराची मर्यादा २,१६० पौंडांची. रूस यांनी ती सुटी केली आणि एकेका भागाचं वजन उतरवलं. बोल्टची वाढीव टोकं छाटली, रंगाचा थरसुद्धा पातळ केला. एवढी काटछाट सोसून जे उरलं, त्यात नुसत्या शोभेचं काही उरणं शक्यच नव्हतं. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं. बेंटले, मर्सिडीज, सिसिटालिया अशा देखण्या गाड्यांच्या रांगेत तिथे एक जीपही उभी होती. त्या निवडीशी मी पूर्ण सहमत आहे.

आता बॉनेटकडे या. मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीजच्या सुट्या भागांपासून जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे आपल्याकडे सर्वांत जास्त दिसली ती सीजे-३बी. तिचं नाक युद्धातल्या जीपपेक्षा उंच. काहींना ते बेढब वाटतं. मला ते या गाडीतलं सर्वांत सच्चं वाक्य वाटतं. जुन्या इंजिनात आत घेणारे आणि बाहेर सोडणारे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कुशीत होते. १९५३ला आलेल्या सीजे-३बीत इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट तिथेच खाली ठेवले. त्याने श्वास मोकळा झाला, ताकद सत्तरीच्या पुढे गेली, पण इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. मग बॉनेट उचललं. तिथे रेखाटणाऱ्याने वळण देऊन ती वाढ लपवली नाही. आत जेवढी जागा लागली तेवढीच बाहेर दिसते. चारपैकी कुठल्याही सिलिंडरचं टॅपेट बसवताना हे पुन्हा प्रत्ययाला येतं. इनटेकसाठी वरचं झाकण काढा, एक्झॉस्टसाठी बाजूचं. फिलर गेज घेऊन दोन्हीकडे वाकावं लागतं, आणि १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम तोंडपाठ होतो.

मडगार्ड सपाट आहेत. पत्रा सरळ वाकवला की काम झालं, महागडे साचे नकोत, हे त्याचं कारण. पण त्या सपाटपणावर आपल्याकडच्या मेकॅनिकने पाने मांडले, शेतकऱ्याने डबा सोडला, निवडणुकीत कार्यकर्ता बसून गावभर हिंडला. दुरुस्त करणाऱ्याचा विचार या रचनेत ठायी ठायी आहे. युद्धातल्या जीपचा हेडलाइट एक नट सैल करून उलटा वळवता येई, म्हणजे रात्री प्रकाश थेट इंजिनावर पडे. समोरची काच पुढे बॉनेटवर आडवी होते. पेट्रोलची टाकी सीटखाली. हे सगळं उघडं, हाताच्या टप्प्यात, साध्या पान्याने सुटणारं.

आणि खाली चेसीकडे पाहिलं की या गाडीचा खरा स्वभाव कळतो. पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल मध्यावर नाहीत, एका बाजूला सरकलेली आहेत. पुढचा प्रोपेलर शाफ्ट इंजिनाच्या तेलाच्या टाकीला टाळून जावा म्हणून ट्रान्सफर केसमधून तो बाजूने काढला, आणि मागचाही त्याच ओळीत आणला. गिअर तीनच, त्यातला पहिला टाकायचा तर गाडी थांबलेली हवी, नाहीतर दात वाजतात. पण पहिल्या गिअरात ट्रान्सफर केसचा लिव्हर ‘लो’मध्ये ओढला की इंजिनाच्या पस्तिसाहून अधिक फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो. मसल कारची ताकद वेगात दिसते. जीपची ताकद या हळूपणात आहे. पावसाळ्यात पूर्णाकाठच्या काळ्या चिकणमातीत चाकाला पाचरीसारखी माती धरते, बैलसुद्धा नांगी टाकतात. तिथे साठ-सत्तर अश्वशक्ती पुरते, कारण ती चारही चाकांना थोडी थोडी, पण न थांबता मिळते. घाटाखालच्या जमिनीला आणि राजूर घाटाच्या चढाला ही गाडी इतकी लागू पडली यात नवल नाही.

तिचं इथलं चरित्रही वाचण्याजोगं आहे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला बुलढाण्यात नोंदलेली जीप मध्य प्रदेशाची गाडी होती, कारण वऱ्हाड तेव्हा त्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ला ती द्वैभाषिक मुंबई राज्यात आली, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. गाडी जागची हलली नाही आणि तिचं राज्य दोनदा बदललं. २ ऑक्टोबर १९५२ला समूह विकास योजना सुरू झाली, विकास गट पडले, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यापर्यंत आलेल्या सरकारचं दृश्य रूप झालं. १९६२ला जिल्हा परिषदा आल्या. देवीची लस, सुधारित बियाणं, मतपेट्या, दुष्काळी कामांचे हजेरीपट, हे सगळं याच गाडीने वाहिलं. मग सरकारी लिलावात ती बागायतदाराकडे आली, तिथून कधी प्रवासी वाहतुकीला, कधी ट्रॉलीला जुंपायला.

हा सगळा इतिहास तिच्या अंगावर थरांनी असतो. पाणी-पेपर घेऊन दरवाजाखालचा एक कोपरा हळूहळू घासा. वरचा लाल, त्याखाली पुट्टी, त्याखाली हिरवा, मग एखाद्या खात्याचा राखाडी, आणि अगदी तळाशी कारखान्याचा प्रायमर. कुठे पुसट अक्षरांची कड सापडते. मशीनने सगळा रंग एका दुपारी उडवून टाकणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून पहिलं काम रंग उडवायचं नाही, बघायचं आणि टिपून ठेवायचं.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. यातली ‘मूळ’ जीप कोणती? जुन्या ग्रंथाबाबतही हाच प्रश्न पडतो. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते, पदरच्या ओव्या घुसल्या होत्या. त्यांनी पाठ पडताळले आणि यापुढे कुणी स्वतःची भर घालू नये, असं बजावूनही ठेवलं. जुनी गाडी उभी करणाऱ्याने हा आदर्श समोर ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे जीप ‘बनवायची’ म्हणजे रुंद टायर, चकचकीत क्रोम, बंपरवर दिव्यांची माळ आणि भडक रंग, असा समज पसरला आहे. ती हौस आहे, आणि हौसेला माझा विरोध नाही. पण तिला जीर्णोद्धार म्हणू नये. त्यात मूळ रचनाकाराचा आवाज बुडतो, आणि साठ-सत्तर वर्षं तिला जगवणाऱ्या मिस्त्र्यांचाही.

डिझेल इंजिनाचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. आपल्या बहुतेक जुन्या जिपांचं पेट्रोल इंजिन कधीच निघालं आणि तिथे डिझेल बसलं. पेट्रोल परवडेना, आणि गाडीने पोट भरायचं होतं. ही पदरची ओवी खरी, पण गरजेने लिहिलेली. मूळ ब्लॉक भंगारात पडलेला असला तरी शाबूत असेल, तर बोअरिंग करून, क्रँक घासून, नवे रिंग-पिस्टन घालून तो पुन्हा बसवावा. नसेल, तर डिझेलच्या जोडणीसाठी कापलेली चेसी निगुतीने वेल्ड करून तेच नीट चालतं करावं. कुठून तरी दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून ‘मूळ’ म्हणून मिरवण्यापेक्षा ते अधिक खरं.

कामाला हिवाळा का, याला कारणं आहेत. कोकणातल्यासारखी खारी हवा इथे नाही, त्यामुळे पत्रा बराच टिकतो. गंज असतो तो काळ्या मातीने दिलेला. चेसीच्या पन्हळीत माती घट्ट बसते, पावसाचं पाणी धरून ठेवते आणि लोखंड आतून खाते. ही माती दिवाळीनंतर वाळते, खरवडली की खपलीसारखी निघते. रंगालाही कोरडी हवा लागते. दमट दिवसांत थिनर उडताना हवेतला ओलावा रंगावर बसतो आणि चमक जाऊन पृष्ठभाग पांढुरका पडतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, पहाट चांगलीच गार. म्हणून रंगाचा हात दहा-अकरानंतर, पत्रा उन्हाने कोमट झाल्यावर द्यावा. सोयाबीन कधीच निघालेलं असतं, हरभऱ्याला पाणी रात्रीच्या विजेवर चालतं, आणि मधल्या दुपारी हाताला थोडी उसंत असते. लेथवाला शोधायला लांब जावं लागत नाही. खामगाव-मलकापूरसारख्या जिनिंग-प्रेसिंगच्या गावांत जुन्या यंत्राचा भाग बघून नवा घडवणारे कारागीर आहेत. त्यांच्या बोटांना ‘थाउजंड’चा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, फरक कळतो.

शेवटी इंजिन सुरू करायची वेळ. बॅटरी असली तरी पहिल्यांदा हँडल मारावं, कारण चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन हाताला कळतं. एखादा फेरा पोकळ गेला तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बहुधा नीट बसलेला नाही. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली कधी दाबायचं नाही, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं, मनगट वाचतं. जुन्या ड्रायव्हरांची ही शिकवण पुस्तकांतून फारशी सापडणार नाही. ती ज्यांना ठाऊक आहे त्यांची वयं आता ऐंशीच्या घरात आहेत.

कायदाही आता अनुकूल आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली, मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवता येत नाही. त्यातली मूळ रूपाची अट मला फार मोलाची वाटते.

तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या वाड्यात, मळ्यात अशी जीप पडून असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी चेसीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक घासून वाचा, लिहून ठेवा. जुनं नोंदणीपुस्तक आजोबांच्या ट्रंकेत असेल, ते शोधा. रंगाला हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. आणि ती गाडी ज्याने चालवली किंवा दुरुस्त केली तो माणूस हयात असेल, तर या हिवाळ्यात त्याला एकदा तिच्याजवळ आणून बसवा.