‘रुआह’ आणि आपला ‘आत्मा’

हिब्रू धर्मग्रंथात ‘रुआह’ हा एकच शब्द वारा, श्वास आणि देवाचा आत्मा या तिन्हींसाठी येतो. मराठी बायबलात उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात त्याचा ‘आत्मा’ होतो, आणि तेथेच आमची अडचण सुरू होते. आत्मा म्हणताच मराठी वाचकाच्या मनात गीतेतला अचल, अविनाशी, देह सोडून जाणारा आत्मा उभा राहतो. रुआह अचल नाहीच. ती शौलावर येते आणि त्याला सोडूनही जाते (१ शमुवेल १० व १६). ‘ती’ म्हणण्याचे कारण, हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी आहे. जलांवर तिच्या घिरट्या सांगणारे क्रियापद ‘अनुवाद’ ग्रंथाच्या ३२ व्या अध्यायात पिलांवर पंख पसरणाऱ्या गरुडासाठी आले आहे.

खानदेशी माणसाला वारा समजावून सांगावा लागत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागांभोवती शेवरी लावतात ती वाऱ्याच्याच धाकाने. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर त्याच वाऱ्यापासून वीज काढतात. मोशेपुढे समुद्र मागे हटवणारा पूर्वेचा वारा हीदेखील रुआहच. शिवाय ‘अंगात वारं येणं’ हा प्रयोग मराठीत आहेच. मग ‘देवाचा वारा’ का म्हणू नये? आमच्या मते म्हणू नये. अंगातले वारे त्या भक्तापुरते, त्या घटकेपुरते असते. यशयाच्या ६१ व्या अध्यायातील रुआह मात्र दीनांकडे, बंदिवानांकडे धाडते. आणि होरेबवर एलियासमोरून डोंगर फोडणारा वारा गेला, तोही रुआहच, पण परमेश्वर त्यात नव्हता!

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणले; १९२२ साली त्या निवर्तल्या, ग्रंथ १९२४ साली निघाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. भाषा सुबोध करण्याची तळमळ दोघांचीही. पण एका शब्दाचे तीन करणे कोणत्याच मराठी अनुवादकाला चुकत नाही. यहेज्केलच्या ३७ व्या अध्यायात याची हानी सर्वांत जास्त जाणवते. चार दिशांचे वारे, सुक्या हाडांत शिरणारा श्वास आणि शेवटी परमेश्वराने देऊ केलेला स्वतःचा आत्मा, सगळे एकाच शब्दात चालते. मराठीत ही साखळी तुटते आणि हाडे कशाने उठली हेच ऐकणाऱ्याला कळेनासे होते.

‘पवित्र आत्मा’ हा आपल्या श्रद्धेचा शब्द. तो बदलावा असे आम्ही सुचवीत नाही. हिब्रू ग्रंथात मात्र ही जोडी अवघी तीनदा येते: स्तोत्र ५१ मध्ये एकदा, यशया ६३ मध्ये दोनदा. दृढीकरणाच्या वर्गात यहेज्केलचा तो अध्याय वाचताना मुलांना आधी ‘रुआह’ हा शब्द मोठ्याने उच्चारायला लावावा. शेवटच्या ‘ह’बरोबर श्वास बाहेर पडतो, तो हातावर जाणवतो.