‘स्मृतिचित्रे’मधलं हसू

श्रद्धेने शांती मिळाल्याच्या कहाण्या दुःख घाईघाईने उरकतात. लक्ष्मीबाई टिळक तसं करत नाहीत. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांचा संसार तुटला. ताटातूट, अपमान, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, सगळं ‘स्मृतिचित्रे’त येतं, तेही हसवत. हे हसू येतं कुठून? वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यात वाढलेल्या या बाईने जातीची शिवाशिव आधी मनातून काढली, बाप्तिस्मा नंतर घेतला. विटाळाची भीती गेली, माणसं जवळ आली. त्यांची शांती मला म्हणूनच पटते. ती कमावलेली आहे. पुस्तकात टिळकांचा हट्ट मात्र फार सहज माफ होतो. तिथे मला हसू येत नाही. तुम्हाला येतं का, वाचून पाहा.